पटावरचा विसावा मुलगा

आणि पान नऊवरचं ते घंटेचं वाक्य मला मुळीच मान्य नाही, मामा. मागच्या पत्रातही लिहिलं होतं, पण तुम्ही मनावर घेतलं नाहीत. असो. आधी तुम्हा दोघांना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला थांबला का? (तिला सांगा, तिने विणलेला स्वेटर इथल्या साहेबांना फार आवडला, म्हणून सध्या तो साहेबांकडेच आहे.) मी बरा आहे. या वर्षातली ही तिसरी नोकरी, पण दीड महिना झाला तरी अजून सोडलेली नाही.

तर तुम्ही लिहिलेला शाळेचा साठ वर्षांचा इतिहास मिळाला. छापायला जायच्या आधी चुका कळव, असं तुम्हीच वर लिहिलंत, म्हणून कळवतो. मागच्या पत्राआधी नुसता चाळला होता, या रविवारी गोदामातल्या खोक्यावर बसून सगळा वाचला. (इतकं सलग मी शाळेतही कधी वाचलं नव्हतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.) शाळा 'प्रशस्त वास्तूत' सुरू झाली म्हणता. ती विटांच्या वखारीत, पत्र्याखाली सुरू झाली. पहिलीला बाक नव्हते, विटा होत्या, आणि तुमची सख्खी बहीण, म्हणजे माझी आई, त्यातल्याच दोन विटांवर बसून अक्षरं शिकली. घंटा म्हणे 'एका दानशूर गृहस्थांनी अर्पण केली'. मामा, ती ट्रकच्या चाकाची रिम आहे. समोरच्या गॅरेजात टाकून मालक परत फिरकलाच नाही, म्हणून तिथल्या आमच्या मिस्त्रींनी ती तुमच्या झाडाला टांगली. परत न फिरकणाऱ्याला दानशूर म्हणायचं तर जगात दानशूरांना तोटा नाही.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं. मनाला लागलं ते पान चौदा. 'त्या कठीण वर्षी केवळ पालकांच्या विश्वासावर शाळा तगली.' मामा, पालकांच्या विश्वासाला मिशी नव्हती. मला होती.

आठवून बघा. वीस मुलं नसतील तर शाळा बंद, असा हुकूम आला होता आणि वर्गात होती एकोणीस. मी चौथी अर्धवट टाकून गॅरेजात लागलो त्याला चार वर्षं झाली होती, तरी तुम्ही माझं नाव पटावरून खोडलं नव्हतं ("येईल परत," म्हणायचात). तपासणीच्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतःच्या वस्तऱ्याने माझी मिशी उतरवलीत, मामीने तुमच्या जुन्या पँटची हाफपँट केली, आणि मला शेवटच्या बाकात कोंबलंत. साहेब आले तेव्हा सगळी मुलं उभी राहिली. मी बाकासकट उभा राहिलो. साहेबांनी मलाच विचारलं, सात आठे किती? मी चोपन्न म्हणालो. तुम्ही खोकलात. (का खोकलात ते मला आजवर कळलेलं नाही. सर्दी तर नव्हती तुम्हाला.) साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरचा ब्रेक लागत नाही म्हणून तेच साहेब गॅरेजात. मी गाडीखालून सरपटत बाहेर आलो तो थेट त्यांच्या बुटांपाशी.

"शाळा नाही का रे आज?"

"मधली सुट्टी आहे, साहेब."

"आणि हे तोंडाला काळं कसलं?"

"चित्रकलेचा तास होता."

ते समोरच्या मैदानाकडे बघत राहिले. तिथे एकोणीस पोरं पकडापकडी खेळत होती आणि राज्य होतं हेडमास्तरांवर, म्हणजे तुमच्यावर. धोतर-बितर नाही, साधी पँट, तरी ती दोन्ही हातांनी धरून धावत होतात. मग साहेब म्हणाले, "ब्रेक नीट बसव. आणि हेडमास्तरांना सांग, पुढच्या वर्षी विसावा मुलगा बिनमिशीचा आणा." हा निरोप तुम्हाला आज पोचतोय, कारण तेव्हा सांगितला असता तर तुम्ही वर्षभर झोपला नसतात. पुढच्या वर्षी शाळेमागे नव्या इमारती झाल्या, मुलं आली, आज पट तीनशेचा आहे. तेव्हा पान चौदावर माझं पूर्ण नाव हवं, मिशीसकट. इतिहास लिहायचा तर खरा लिहावा.

तुमचा पटावरचा भाचा

ता. क. : पान चौदा आहे तसंच राहू द्या. इथे माल उचलायची गाडी चालवायचं काम मिळतंय, पगार दीडपट, पण चौथी पासचा दाखला मागतात. मी तुमच्या पटावर चार-पाच वर्षं चौथीतच होतो. एवढ्या वर्षांत एकदा तरी पास झालोच असेन. जरा बघता का?

आणखी एक : खोटा दाखला तुम्ही देणार नाही, हे मला ठाऊक आहे. मग सुट्टी काढून येतो, समोर बसवून परीक्षा घ्या. (वस्तरा नको.) पाढे रोज म्हणतोय, आता अगदी पक्के आहेत. इतिहासाच्या सात प्रती मात्र माझ्या नावाने बाजूला ठेवा, इथल्या मंडळींना दाखवायच्या आहेत. ऐंशी रुपयांना एक, त्या हिशोबाने सोबत पाचशे चाळीस रुपये पाठवले आहेत.