काचेवरचा नंबर

देगू,
१९ नोव्हेंबर

आदरणीय प्यो दादा,
सप्रेम नमस्कार.

पाकीट काल मिळालं. डेजॉनला लेकीकडे थंडी सोसतेय ना? इकडे गल्लीत सगळ्यांची हिवाळ्याची किमची, कोबीचं लोणचं, घालून झाली. तुमचं पर्सिमनचं झाड यंदा लगडलंय. फळं मी उतरवून ठेवली आहेत.

पाकिटात तुमच्या गेटची किल्ली निघाली. चिठ्ठीत लिहिलंत, "गाडी विकली, आमची जागा रिकामीच. हक्कानं लावत जा." किल्ली हातात धरून मी बराच वेळ पायरीवर बसून होतो.

आपलं भांडण अख्ख्या गल्लीला पाठ होतं. मी तुमच्या गेटसमोर गाडी लावायची, तुम्ही गाडीच्या काचेवर लावलेला माझा फोन नंबर फिरवायचा. "बांगसाहेब, हे गेट आहे, तुमच्या सासऱ्याचं अंगण नाही!" मी म्हणायचो, "नंबर लावलाय ना? फोन करा, येतो." तुम्ही पालिकेत गेलात. तिथंही तेच ऐकवलं: गल्ली खाजगी, गाडी उचलता येत नाही, मालकाला फोन करा. आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरलो. वहिनी मात्र तेव्हाही टोपलीभर पर्सिमन घेऊन आल्या. म्हणाल्या, "भांडण पुरुषांचं, फळांनी काय केलंय?"

मे महिन्यातल्या त्या दुपारी वहिनींच्या छातीत कळ आली. दवाखाना दोन चौकांवर, म्हणून तुम्ही त्यांना गाडीत बसवलंत. बाहेर माझी गाडी. तुम्ही फोन लावत राहिलात. काचेवर नंबर आहे म्हणजे माणूस येणारच, अशी आपल्याकडची समजूत. बारा मिनिटांनी रुग्णवाहिका बोलावलीत.

अंत्यविधीचे तीन दिवस मी येणाऱ्यांना रस्सा वाढत होतो. तुम्ही माझे हात धरलेत. "तुझा दोष नाही रे. फोन घरी विसरलास, होतं असं. मीच आधी रुग्णवाहिका बोलवायला हवी होती."

फोन घरी राहिला, मी बाहेर होतो, हे मीच सांगितलं होतं.

दादा, मी घरातच होतो. बेसबॉलचा सामना बघत होतो, फोन मांडीवर. तुमचा नंबर मी 'कटकट' नावानं ठेवलाय. तेच नाव नऊ वेळा आलं. बायको म्हणाली, "अहो, जा की." मी म्हणालो, "ताटकळू दे म्हाताऱ्याला, जिरू दे जरा," आणि फोन पालथा घातला. ती तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

हे कुणाला कळलं नसतं. पण परवा तुमच्या लेकीचा, मि-सनचा, फोन आला. म्हणाली, "बाबा जेवत नाहीत. मीच तिला मारलं, एवढंच म्हणत बसतात." तुम्ही नाही मारलंत, दादा. तुम्ही फक्त माझी वाट पाहिलीत. जेवा. हे वाचून झालं की जेवा.

किल्ली परत पाठवतोय. गाडी आता बाजारामागे लावतो, तिथून चालत येतो. तुमचं गेट मोकळं आहे. शिव्या घालायला फोन केलात, तरी पहिल्या घंटेला उचलेन.

तुमच्या गेटसमोर गाडी लावणारा,
बांग ग्यु-सोक