‘मागे’ म्हणजे नेमकं कुठे?

सराव शिबिर,
४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं दातांचं कवच मिळालं. अगदी चपखल बसलं. कवळ्या करणारी बहीण असल्याचा एवढा तरी फायदा व्हायलाच हवा. ते घालून आरशात हसून पाहिलं, तर खोलीतला सोबती दचकून उठला. सोबती म्हणजे बंदर क्लबचा तो ताडमाड गडी, ज्याला सगळे ‘खांब’ म्हणतात, गेल्या वर्षी ज्याने माझ्या नाकाचा आकार बदलला तोच. परदेश दौऱ्यासाठी बंदरवाले आणि आम्ही कारखानेवाले मिळून एकच रग्बी संघ झालाय ना, त्यामुळे शत्रू आता शेजारच्या पलंगावर घोरतो. माणूस वाईट नाही, पण हे कबूल करायला जिवावर येतं.

आता काळजीचं. चेंडू मैदानाबाहेर गेला की रेषेवरून तो आत फेकायचं काम माझं, हे तुला ठाऊक आहेच. दोन्ही बाजू रांगा करून उभ्या राहतात, मी एक शब्द ओरडतो, त्यावरून आपल्यातल्या कोणाला वर उचलायचं ते ठरतं आणि चेंडू त्याच्या हातात पडतो. पडायला हवा. काल सरावात मी ‘मागे’ म्हणून ओरडलो. आमच्यात ‘मागे’ म्हणजे रांगेच्या शेपटाला. बंदरवाल्यांत ‘मागे’ म्हणजे मागे जायचं नुसतं सोंग करायचं आणि चेंडू पुढच्याने घ्यायचा. झालं! आमचे शेवटी उडाले, त्यांचे पुढे उडाले आणि समोरच्याने चेंडू आयता उचलून नेला. एकदा नाही, दिवसभर हेच. कोणाचा ‘मागे’ खरा यावरून जेवतानाही भांडणं चालू आहेत.

सर म्हणाले, पुढच्या रविवारी शेवटचा चाचणी सामना, तेव्हाही असंच झालं तर फेकणारा दुसरा बघेन. ताई, मला जायचंय गं. फार मनापासून जायचंय.

लोभ आहेच, या आठवड्यात तो जरा जास्त असू दे.

तुझा,
ढब्बू


घरून,
७ जून

चि. ढब्बू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना आणि आईला वाचून दाखवलं. बाबांनी लगेच टेबलावर पेल्यांची रांग लावली आणि मिठाचा डबा तुझ्या जागी ठेवला. तुमचा ‘मागे’ बरोबर, बंदरवाले अडाणी, असा निकालही देऊन टाकला. आई म्हणाली, आधी पेले उचला.

त्यावरून मला आपलं ताटांचं प्रकरण आठवलं. तुला आठवतंय का? बाबांशी लग्न करून आई या घरात आली आणि तिच्या बोटाला धरून तू आलास, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तू एकटाच आधी जेवायला बसला होतास. बाकीच्यांना वाढायचं म्हणून आई मला म्हणाली, ताटं काढ. तुमच्याकडे ताटं काढणं म्हणजे फळीवरून काढून मांडणं. आमच्याकडे जेवण झाल्यावर उचलून नेणं. मी आज्ञाधारक मुलगी! तुझ्या पुढ्यातलं भरलं ताट उचलून सरळ मोरीत नेलं. तू हातातला घास तसाच धरून भोकाड पसरलंस, आणि मी तुला या घरातून हाकलायला निघालेय असं आईला वाटलं. तीही रडली. मग मीही रडले.

तेव्हा कोण बरोबर हे कोणी ठरवलंच नाही. तो शब्द घरातून हद्दपार झाला. आजही आपण मांडतो आणि उचलतो, काढत कोणीच नाही. तेव्हा भांडत बसू नका. ‘मागे’ला रजा द्या आणि दोघांनाही नवा असेल असा शब्द शोधा. आणि नीट जेव. तुझं ताट आता कोणी नेत नाही.

तुझ्यावरचा लोभ मापात नाही, तरी पत्र वेळेवर धाडत जा.

तुझी,
ताई


सराव शिबिर,
१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताटांची गोष्ट मी खांबाला सांगितली, त्याने सगळ्या संघाला सांगितली. आता जेवताना कोणीही माझं ताट उचलून पळतो. तुझ्यामुळे माझी पुरती शोभा झाली, पण भांडण मिटलं! पोट धरून हसल्यावर कोणाला भांडायला सुचेना. मैदानावर आजवर कोणीच ओरडला नसेल असे तीन नवे शब्द आम्ही मिळून ठरवले. पुढचा आणि मधला खांबाने सुचवला. शेपटाचा मी. ती फेक सगळ्यात लांब आणि अवघड, म्हणून शब्द मला धीर देणारा हवा होता. शब्द मात्र सांगणार नाही, बाबा गावभर करतील.

रविवारी तू येऊ नकोस. तू दिसलीस की माझा नेम चुकतो.

लोभात खंड नको.

तुझा,
ढब्बू


घरून,
१३ जून

चि. ढब्बू यास,
अनेक आशीर्वाद.

मी आले होते. ओरडू नकोस, अगदी वरच्या बाकावर डोक्यावरून ओढणी घेऊन बसले होते. तू पहिल्यांदा ‘आजोबा’ म्हणून ओरडलास तेव्हा मला वाटलं, कोणी म्हातारा मैदानात शिरला. मग ‘मामा’ झाला. शेजारचा माणूस म्हणाला, ही पोरं खेळतात की नातेवाईक शोधतात?

शेवटी शेवटी चेंडू माझ्याच बाजूला बाहेर गेला. बरोबरी होती. तू शर्टाला हात पुसलेस. चेहरा पांढराफटक पडला होता तुझा. मग तू जिवाच्या आकांताने ओरडलास, ‘ताई!’

आणि मी उभी राहून तेवढ्याच जोरात म्हणाले, काय रे?

आजूबाजूचे हसायला लागले. मी खाली पाहिलं तर रांगेच्या पार शेवटी खांब हवेत होता आणि चेंडू त्याच्या दोन्ही हातांत. पुढचं मला नीट दिसलंच नाही, ओढणीने डोळे पुसत होते. भोंग्यावरून दौऱ्याची नावं वाचली त्यात तुझं ऐकलं आणि तुला न भेटता निघाले. थांबले असते तर सगळ्यांसमोर तुझ्या गळ्यात पडले असते.

बाबांनी आतापर्यंत निम्म्या गल्लीला सांगितलंय. आई दौऱ्यासाठी तुझे घरातले मोजे धुतेय, तेही आनंदाने.

परदेशातही तू तीच हाक मारणार. मला इथे ऐकू येणार नाही, तरी मारत जा. मी ‘काय रे’ म्हणेनच.

लोभ सांभाळून ने आणि तसाच परत आण.

तुझी,
ताई