प्रमिलेच्या पांढऱ्या पेशी

धरणगाव

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, वाकवेल तेवढं वाकून नमस्कार. (गुडघे अजून पुरते ऐकत नाहीत.) फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी मोठ्याने बोललो की शेजाऱ्यांना वाटतं घरात भांडण लागलं, म्हणून पत्र. तुझा खोकला कसा आहे? कोमट पाणी घेत जा.

चिकुनगुन्याने आमचं घर आडवं केलं. आधी समाधान पडला, मागोमाग मी. मी जन्मात कधी आजारी पडलो नाही हे तुला माहीत आहे (सगळ्या धरणगावला माहीत आहे, मीच सांगत आलो), आणि विव्हळलो मात्र लेकापेक्षा मीच जास्त. चहाची बशी दोन्ही हातांनी धरली तरी नाचायची. प्रमिला तेवढी ठणठणीत. पेज करणं, कपाळावर घड्या ठेवणं, आमचे पाय चेपणं, सगळं तिच्याकडे.

आपली लेक पुनम जळगावला ह्याच विषयावर संशोधन करते. ती आली, तिघांचं रक्त घेतलं आणि मला समजावून सांगितलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये एन्झाईम नावाची कामकरी द्रव्यं असतात. विषाणू आत शिरून स्वतःच्या नकला काढू लागला की त्यातली काही त्या नकलांचे तुकडे पाडतात. कुणाची चपळ, कुणाची ढिली. मला ते फार पटलं. भेटायला येईल त्याला मी सांगू लागलो, की आमच्या घरात एन्झाईम आहेत ते प्रमिलेचेच. (वनाभाऊंनी विचारलं, ते कुठल्या भाजीतून मिळतात.) प्रमिला नुसती हसायची. हसताना दाराची चौकट धरून असायची, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

परवा पुनम पुन्हा आली, ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईचे हात हातात घेऊन बसली. चिकुनगुन्या प्रमिलेलाही होऊन गेला होता, आमच्याच बरोबर. रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. एन्झाईमनी तिला किती सांभाळलं ते अजून तपासायचंय, एका घरावरून काही ठरत नाही, असं पुनम म्हणाली. मग तिने विचारलं, "आई, दुखत होतं का गं?"

प्रमिला आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "बठ्ठा पडनात, ते भाकरी कोन टाकी?"

अक्का, सगळेच पडले तर भाकरी कोण टाकणार, म्हणे! त्या दिवशी भाकरी मी टाकली. तिला भाकरी म्हणावं का, याबद्दल समाधानचं मत वेगळं आहे. प्रमिलेने सगळी खाल्ली.

तुझा,
झुलाल

ता. क. खरं काम असं, की इथे असली तर प्रमिला स्वस्थ बसायची नाही. तुला बरं नाही असं कळव, तिला तुझ्याकडे शिंदखेड्याला बोलावून घे आणि आली की कशाला हात लावू देऊ नकोस. मी सांगितलं हे तिला कळता कामा नये.

ता. क. अक्का, मी प्रमिला. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. तुम्ही आजारी पडू नका, मी अशीच येते. पण ह्यांचीही बोटं अजून मिटत नाहीत, पीठ मळताना मी पाहिलं. ते सांगायचे नाहीत. म्हणून अंथरूण दोघांचं घाला.