रिपोर्टच्या तळाशी माझी अक्षरं

अक्का,

तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर राग धरून बसले आहे असं सांगितलं तर लोकांना विचित्र वाटेल. म्हणून मी तो कुणाला दाखवत नाही. इथे लिहिते. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं: ‘तिथं रिकामी जागा होती, ती मी भरली.’ मॅनेजरच्या केबिनमध्ये तुम्ही ते बोलला नाहीत, आणि नंतर बोलता येईल अशा कितीतरी सकाळी आपल्याला मिळाल्या, तेव्हाही नाहीत. मी कटकट करणाऱ्यांतली नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं. त्याचा तुम्ही उपयोग करून घेतलात असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

इंदिरानगरमधलं ते ऑफिस म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला होता. बाल्कनी काचेनं बंद करून तिथे आम्हाला ओळीनं बसवलेलं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की अमेरिकेतला कुणी डॉक्टर बोलायला लागायचा, सोडलं की मधेच थांबायचा. त्यानं आदल्या दिवशी केलेलं ऑपरेशन तो भरभर सांगायचा, आणि आम्ही ते टाइप करून त्याची सकाळ उजाडायच्या आत परत पाठवायचं. मी मिरजेहून मायक्रोबायॉलॉजी शिकून आले होते. जंतूंची नावं मला पाठ होती, पण सर्जनच्या हातातल्या हत्यारांची नव्हती. तुम्ही खोलीच्या मागच्या भिंतीशी, पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून बसायचात. कँटोन्मेंटकडच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, आणि आता आमचे रिपोर्ट पुन्हा ऐकून तपासणाऱ्या. मी मराठी आहे हे कळल्यावर तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “मिरजेची का गं? मग कान तयार असणार. तिथं म्हणे गल्लीगल्लीत सतारी करतात.” मी म्हटलं, आमच्या गल्लीत सायकलचं दुकान आहे. तुम्ही मोठ्यानं हसलात. “सरी, ठीक आहे. मग तुला स्वल्प वेळ लागेल.”

तुमची मराठी मला आधी विनोदी वाटायची. कितीतरी पिढ्यांपूर्वी तुमचं घराणं इथे, कानडी मुलखात आलं, आणि बोलण्यात कानडी अशी मुरली होती की तुमची तुम्हालाच ती वेगळी काढता आली नसती. पण ऑपरेशनबद्दल बोलायला लागलात की एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. पहिल्याच आठवड्यात मी एका चिमट्याचं नाव पुस्तकात शोधून काढलं, नियमाप्रमाणे चिठ्ठीवर पुस्तक आणि पान लिहिलं आणि थोड्या अभिमानानंच तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही ती चिठ्ठी दोन बोटांत धरलीत, जशी कुणी माशी धरावी. “पान लिहिलंस म्हणजे झालं? हा चिमटा हाडाचा आहे गं. हा बाबा पोटात आहे. पोटात हाड कुठनं आणलंस?” बाकीच्या मुली हसल्या. मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आजवर विसरलेली नाही. पुस्तकात सापडलं म्हणजे तो शब्द आहे एवढंच कळतं. याच माणसाच्या पोटात तो आहे का, हे पुस्तक सांगत नाही. कळत नसेल तर रेघ ओढायची, जागा रिकामी ठेवायची, डॉक्टर भरेल. रिकामी जागा बघून डॉक्टर चिडतो. चुकीचा शब्द तो वाचतसुद्धा नाही, सही करतो. कुठला अनर्थ मोठा ते तूच ठरव.

एका रविवारी तुम्ही मला शिवाजीनगरमधल्या तुमच्या घरी बोलावलंत. मी मल्लेश्वरमला पेइंग गेस्ट होते. घरमालकीण मोजून पोळ्या वाढायची, हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते, तरी तुम्हाला कळलं होतं. स्वयंपाकघर अरुंद, ओट्यावर खोबऱ्याची चटणी वाटून ठेवलेली. जेवण झाल्यावर तुम्ही कपाटातून चार साड्या काढल्यात आणि जमिनीवर एकावर एक अंथरल्यात. ही कातडी, ही चरबी, हा स्नायूवरचा पांढरा पडदा, हे पोटाचं आतलं अस्तर. मग माझा हात धरून एकेक थर बाजूला करायला लावलात. “आता तू आत आहेस. आता तुला परत यायचंय. कुठली आधी मिटशील?” मी चुकले. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. पुन्हा केलं, पुन्हा. दारात तुमची सून उभी होती, कपाळाला हात लावून. “अय्यो अत्ते, लग्नातली साडी आहे ती!” “असू दे की,” तुम्ही म्हणालात, “लग्न झालं आता.” त्या दिवसानंतर मी डॉक्टरचा आवाज नुसता ऐकत नसे, त्याचे हात कुठे आहेत ते मला दिसायचं. निघताना तुम्ही पायऱ्यांपर्यंत आलात आणि अगदी सहज म्हणालात, मी आता फार दिवस हे करणार नाही. माझ्या खुर्चीवर हिलाच बसवा असं सांगणार आहे मी त्यांना. बसमध्ये मला खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. ती खुर्ची मला हवी होती, फार हवी होती, आणि ती तुमच्या शब्दानं मिळावी हे त्याहून जास्त.

मग ऑफिसचा कारभार पाहणारे बदलले. नवा मॅनेजर दिल्लीकडचा, बोलण्यात गोड. त्याला रिकाम्या जागा दिसायच्या, बाकी काही नाही. तो तुमच्या टेबलाशी उभा राहून, आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “अक्का, ब्लँक कम करने पड़ेंगे. क्लायंट पूछता है, आपके पास तो ओटी सिस्टर है, फिर भी इतने ब्लँक?” तुम्ही म्हणालात, जे ऐकू येत नाही ते मी कुठून आणू? तो हसला. “ओटी भी बदल गया ना अक्का, अब तो सब नया नया आ गया है.” आणि गेला. तुम्ही कितीतरी वेळ एकाच पानावर बोट ठेवून बसलात. हेडफोन काढून मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही वर बघितलं नाहीत.

तो रिपोर्ट जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशनचा. साधा. हर्निया आत ढकलला, मग कमजोर जागेवर जाळी बसवली, टाके घातले. फक्त जाळीचं नाव सांगताना डॉक्टरच्या खोलीत कुणीतरी आलं, तो त्याच्याशी बोलला, आणि नाव त्या गडबडीत गेलं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. सर्जरीच्या शब्दांचं पुस्तक काढलं, हत्यारांचं काढलं, कंपन्यांचे कॅटलॉग काढले. जाळ्यांची काही नावं होती. त्यांतलं एकही मला त्याच्या तोंडून ऐकू आलं नव्हतं. मी रेघ ओढली, चिठ्ठी लावली, रिपोर्ट तुमच्याकडे पाठवला. रिपोर्टच्या अगदी तळाशी नावांच्या आद्याक्षरांच्या दोन जोड्या असतात, पहिली डॉक्टरची आणि दुसरी टाइप करणारीची. तपासणाऱ्याची अक्षरं तिथे नसतात. ती पद्धतच नव्हती, आणि तोवर ती खटकावी असं काही कधी घडलंही नव्हतं. तुम्ही ती रेघ पुसलीत आणि त्या जागी एका जाळीचं नाव घातलंत, तुमच्या थिएटरमध्ये वर्षानुवर्षं तुम्ही स्वतः सर्जनच्या हातात दिलेल्या जाळीचं. पुस्तकात ते होतंच. तुमच्या दृष्टीनं जाळी म्हणजे तीच. त्या डॉक्टरनं मात्र नुकतीच निघालेली, वेगळ्याच घडणीची जाळी बसवली होती, जी आमच्या कुठल्याही पुस्तकात अजून छापून यायची होती.

फॅक्स आला तेव्हा मॅनेजरनं आपल्या दोघींना केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टरनं लिहिलं होतं की माझ्या रुग्णाच्या शरीरात जी वस्तू नाही ती तुम्ही त्याच्या कागदांवर बसवली आहे, उद्या त्याला त्रास झाला तर पुढचा सर्जन काय शोधणार? त्याचं बरोबर होतं. मॅनेजरनं विचारलं, “किसने डाला ये?” आणि उत्तराची वाट न बघता रिपोर्ट वळवून तळाशी बोट ठेवलं. माझी अक्षरं. तुम्ही येताना पुस्तक घेऊन आला होतात. तुम्ही ते उघडलंत, ते पान त्याच्यापुढे सरकवलंत आणि म्हणालात, “बुक में है सर. देख के ही डाला होगा उसने.” मग माझ्याकडे वळून, मराठीत, अगदी मायेनं: “होय की नाही गं?”

मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही नजर चुकवली नाहीत, हे मला सर्वांत जास्त लागलं. माझी मूळ प्रत, त्या रेघेसकट, फ्लॉपीवर होती. फ्लॉपी माझ्या टेबलाच्या खणात, दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर. उठून आणता आली असती. पण मला तुमच्याविरुद्ध पुरावा आणून जिंकायचं नव्हतं. मला वाटत होतं की एक श्वास घ्याल आणि बोलाल. सोडण्याची भाषा केलीत तरी तुम्हाला अजून नोकरीची गरज होती हे मला ठाऊक होतं. पण गरज मलाही होती, आणि तुम्ही मला शिकवलेलं सगळं त्या एका क्षणात खरं किंवा खोटं ठरणार होतं. तुम्ही पुस्तक मिटलंत. मॅनेजर म्हणाला, ऐसी लड़की को ऑपरेशन मत दो. माझं गप्प राहणं त्यानं कबुली धरलं, आणि तुम्हीही तसंच धरू दिलंत.

मला ऑपरेशनांवरून काढून एक्स-रेच्या रिपोर्टवर बसवलं. तुमच्यानंतर ती खुर्ची दुसऱ्या एका मुलीला द्यायचं ठरलं. चांगली मुलगी, तिचा काही दोष नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी तुम्ही डबा घेऊन माझ्याशेजारी बसलात आणि माझ्या झाकणात चित्रान्न वाढलंत. “स्वल्प खा गं. किती वाळलीस.” मी “साकु अक्का” म्हटलं, ‘पुरे’साठी तुमच्याकडूनच शिकलेला शब्द, आणि झाकण परत सरकवलं. तुम्हाला वाईट वाटलेलं दिसलं. त्यानं मला बरं वाटलं. पुढे नव्या मुली आल्या. त्यांना तुम्ही तेच सांगत होतात, रिकामी जागा सोडा, लाजू नका. आणि एकदा, नाव न घेता, पुस्तकावर भिस्त ठेवून जाळी चुकवणाऱ्या एका हुशार मुलीची गोष्ट सांगितलीत. मी दोन टेबलं सोडून बसले होते. हेडफोन कानात होता, पेडलवर पाय नव्हता. तुम्ही ती गोष्ट फार छान सांगितलीत, अक्का. मुली घाबरल्या. मी त्याच महिन्यात राजीनामा दिला.

तुम्ही गेल्याचं मला मल्लेश्वरमच्या बाजारात त्या खुर्चीवाल्या मुलीकडून कळलं. मी तुमच्या घरी गेले, उशिरा, सगळे येऊन गेल्यावर. तुमच्या सुनेनं मला लगेच ओळखलं. म्हणाली, “तुमचंच नाव घ्यायच्या हो शेवटपर्यंत. म्हणायच्या, माझ्या हाताखाली तशी अचूक पोरगी परत आली नाही.” मी पाणी प्यायले. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. विसरला नव्हतात, गोंधळलाही नव्हतात. मनात असलेलं तुम्ही स्वयंपाकघरात सुनेला सांगितलंत. ते जिथे बोलायला हवं होतं ते मॅनेजरचं टेबल तेवढं टाळलंत. बिचारी सून माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिनं मला काही मौल्यवान दिलं आहे. मी आभार मानले आणि निघाले.

आता मी एका कारखान्यासाठी शस्त्रक्रियेच्या उपकरणांबरोबर जाणारी माहितीपत्रकं तपासते. कागदावर माझं नाव पूर्ण असतं, आणि कुणी नंतर एक शब्द बदलला तर त्याचंही. ही पद्धत मी आग्रहानं पाडून घेतली. का, ते कुणाला सांगितलं नाही. लोक मला काटेकोर म्हणतात, काही जणी पाठीमागे थंड म्हणतात. दोन्ही ठीक आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुमच्या सुनेला तर मुळीच नाही.

फक्त एक गोष्ट, जी त्या केबिनमध्ये कुणी विचारली नाही आणि मीही आजवर कुणाला सांगितली नाही. तुम्ही त्या जागी भरलेलं नाव माझ्याही मनात आलं होतं. आधी मी तेच टाइप केलं होतं. मग मान वळवून पाहिलं. तुम्ही मागे बसला होतात, चष्मा पुसत. मी ते एकेक अक्षर खोडलं आणि रेघ ओढली. खात्री नव्हती म्हणून नाही. तुम्ही रागवाल म्हणून.