साडेतीन जोड्या

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी साडेआठ वाजता मी सशाचे कातडे दोरीला बांधले, गडावरच्या देवीचे नाव घेतले आणि पळायला लागलो. त्या सकाळी जे झाले त्यामुळे हा कागद लिहावा लागत आहे, म्हणून सुरुवात तिथून.

मी, नीळकंठ दौलत देवरे, वय ४९, व्यवसाय संगणकाची नोकरी, मूळ राहणार तालुका कळवण, जिल्हा नाशिक, सध्या राहणार ब्रेडा शहराबाहेर कालव्याकाठी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक नळी बुजली होती, ती डॉक्टरांनी मोकळी केली. डोक्याला त्यांनी हात लावलेला नाही. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव होता तो न लिहिण्याचा होता. याची डच प्रत नोटरीकडे आहे आणि कायद्याने तीच खरी. ही प्रत माझ्या माणसांनी वाचावी म्हणून.

कलम १. ज्यांना आमचे काम माहीत नाही त्यांच्यासाठी. कुत्र्यांच्या टोळीने सशाचा जीव घेतलेला मला चालत नाही, कायद्यालाही नाही. म्हणून आमच्या बीगलांपुढे, म्हणजे वासावर धावणाऱ्या बुटक्या शिकारी कुत्र्यांपुढे, ससा नसतो, माणूस असतो. तो कातडे जमिनीवरून ओढत वीस मिनिटे आधी निघतो, चर ओलांडतो, वळणे घेतो, फसवतो. कुत्री वासावर येतात. शेवटी कातडे त्यांच्यापुढे टाकायचे आणि खिशातले मांसाचे तुकडे वाटायचे. बारा वर्षे तो ससा मी आहे. गावच्या शाळेत मी दुसऱ्या कशात पहिला आलो नाही, धावण्यात यायचो.

हे मला योप नावाच्या शेतकऱ्याने शिकवले. मी सायकलवरून ऑफिसला निघालो असताना त्याने मला बांधावर अडवले.

"पळता येतं का?"

"येतं."

"माझा गुडघा गेला. ससा होशील?"

पहिल्याच दिवशी मी त्याची कुत्री मोजली आणि सात म्हणालो. योप म्हणाला, "सात नाही. बीगल जोडीनं मोजतात. साडेतीन जोड्या." मला हसू आले. त्याला वाटले मी चेष्टा करतो आहे. मग मी त्याला सांगितले की आमच्या देवीची पीठेही साडेतीन आहेत, आणि त्यांतले अर्धे म्हणजे आमच्या अंगणातून दिसणारा सप्तशृंगगड. आम्ही त्या अर्ध्याची माणसे.

"अर्धं म्हणजे कमी?" योपने विचारले.

"तसं म्हणायची आमच्या गावात कोणाची छाती नाही," मी म्हणालो.

योप वारला तेव्हा टोळी माझ्याकडे आली. जुनी कुत्री एकेक करून गेली. आज सहा तरुण आहेत, माझ्या हातची, आमच्याकडच्या नद्यांच्या नावांची: गोदा-दारणा, गिरणा-मोसम, आरम-कादवा. सातवा योपचा शेवटचा. वय अकरा, डावा कान फाटलेला, जोडीदार नाही. त्याला मी अर्ध्या म्हणतो.

कलम २. त्या सकाळी काय झाले त्याच्या तीन निरनिराळ्या हकिगती फिरत आहेत, म्हणून खरी नोंदवतो. कालव्यापलीकडच्या गवतात माझ्या छातीत कळ आली आणि मी कातडे हातात धरून आडवा झालो. मागे कुत्री घेऊन माझी मुलगी अपूर्वा आणि नीलांबरी खैरनार येत होत्या. नीलांबरी इथल्या विद्यापीठात मातीवर संशोधन करते आणि रविवारी आमच्याबरोबर चिखलात असते. माझ्यापासून दोनशे पावलांवर काटेरी जाळीतून एक जिवंत ससा उठला. गोदेने कातड्याचा माग सोडला आणि त्याच्यामागे गेली. पाठोपाठ पाच. दोघी मुली कुत्र्यांना परत बोलावायचे शिंग फुंकत त्यांच्यामागे धावल्या. ससा बिळात गेला, सुखरूप आहे. अर्ध्याने मान वर केली, ससा पाहिला, आणि पुन्हा नाक खाली घातले. तो वासाने माझ्यापर्यंत आला, कातड्यावर बसला आणि भुंकत राहिला. शेजारच्या शेतात ट्रॅक्टरवर तोन नावाचा शेतकरी होता. त्याने ऐकले. म्हणून हा कागद माझ्या अक्षरात आहे.

अर्ध्याने माझा जीव वाचवला असे मी म्हणत नाही. तो माझ्यासाठी आला नव्हता, वासासाठी आला होता. वास माझ्यापाशी संपत होता. माणसाने आयुष्यभर असा माग धरला तर देवही कुठेतरी सापडेल, असे मला दवाखान्यात पडल्या पडल्या वाटले. ज्याला ते हास्यास्पद वाटते त्याने हसावे.

उरलेल्या सहांवर माझा राग नाही. जिवंत ससा हा जिवंत ससा असतो.

कलम ३. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी झालेले बोलणे इथे घालतो, कारण पुढची कलमे त्यातून निघतात.

माझी पत्नी वृंदा म्हणाली, "ज्यांच्यासाठी जीव टाकलास त्यांतली सहा सशामागं पळाली."

मी म्हणालो, "आणि सातवा?"

"सातव्यानं मांसासाठी कोटाचा खिसा फाडला. ते सांग की सगळ्यांना."

तिचा भाऊ विश्वास द हेगहून आला होता. तो वाईट माणूस नाही. त्याला सगळ्या गोष्टी लावून टाकायची सवय आहे. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही पडून राहा. मी बोलून ठेवलंय. एक क्लब आहे, चांगली माणसं आहेत. महिनाअखेरीस तीन जोड्या घेऊन जातील."

"आणि अर्ध्या?"

"अकरा वर्षांचं कुत्रं कोण घेणार हो? डॉक्टरकडं एक इंजेक्शन. त्याला कळणारसुद्धा नाही."

अपूर्वाला मराठी सगळे कळते, उत्तर ती डचमध्ये देते. खिडकीपाशी उभी होती. डचमध्येच म्हणाली, "मामा, ती सात आहेत."

"तू तुझी परीक्षा बघ," विश्वास म्हणाला.

 तोवर माझ्या तोंडावर पुन्हा प्राणवायूची नळी लागली होती. आता नाही.

कलम ४. माझे वडील दौलत यांच्याकडे गावठी कुत्री होती आणि धुळवडीनंतर गाव पारधीला जात असे. वडिलांबरोबर मी दोन वेळा गेलो, तिसऱ्यांदा नाही म्हणालो, त्यांनी आग्रह केला नाही. मात्र वाटे घालायला मला बसवत. पहिला वाटा कुत्र्यांचा. जे लंगडे कुत्रे त्या दिवशी घरीच राहिले, त्याचाही. एकदा मी ते विसरलो, तर मी घातलेले सगळे वाटे वडिलांनी पुन्हा एकत्र केले आणि म्हणाले, "परत घाल." भरल्या पंगतीसमोर. तेवढे एकच शिक्षण मी गावाहून इथे आणले आहे, बाकीचे इथे कोणाच्या उपयोगाचे नव्हते. विश्वासने तीन जोड्यांचा वाटा घातला तेव्हा मला तोच शब्द ऐकू आला.

कलम ५. कालव्याकाठचे घर वृंदाचे. तिला ते विकून शहरात जायचे असेल तर जावे, मी अडवत नाही. ती माझ्यावर रागावली आहे कारण ती घाबरली होती. दवाखान्यातून आल्यापासून अर्ध्या स्वयंपाकघरात झोपतो. विचारले तर ती म्हणते, दाराच्या फटीतून वारा येतो, तो आडवा पडला की थांबतो. हे कारण मी मान्य करतो. बचत तिची आणि अपूर्वाची, निम्मी निम्मी.

कलम ६. गावची माझ्या हिश्शाची जमीन बहीण सुरेखा हिची. ती कसते आहेच. कोणी हरकत घेऊ नये, घेतल्यास त्याने आधी एक दिवस तिच्याबरोबर कांदे लावावेत.

कलम ७. इथल्या आपल्या मराठी मंडळाने नवरात्रातल्या आरतीच्या यादीतून तीन वर्षांपूर्वी माझे नाव काढले. कारण सांगितले की शिकारी माणसाच्या हातून आरती बरी दिसत नाही. मी शिकार करत नाही, पळतो, हे मी एकदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगणार नाही. आरती मी घरी करतो. कुत्र्यांच्या सात ताटल्या आधी भरतो, मग देवीपुढे उभा राहतो, आणि तिने आजवर तक्रार केलेली नाही. त्या वर्षी माझ्यासाठी प्रसाद बांधून सायकलवरून आणून देणारी एकटी नीलांबरी होती. माझे मोठे पितळी पातेले मंडळाने गणपतीला नेले ते परत आलेले नाही. ते आता मंडळाला दिले. खीर करताना माझी आठवण काढावी, काढली नाही तरी खीर बिघडणार नाही.

कलम ८. विश्वास यास मी माझा त्या दिवशीचा कोट देतो. उजवा खिसा फाटका आहे. तो शिवू नये.

कलम ९. नीलांबरी हिला माझी नकाशांची वही. बारा वर्षांत मी ओढलेली प्रत्येक वाट त्यात आहे, कुठे चर खोल आहे, कुठे मेंढ्या असतात, कुठला शेतकरी ओरडतो आणि मग कॉफी देतो. पुढच्या मोसमात कातडे कोणीतरी तरुण ओढेल. डॉक्टरांनी मला पळायला मनाई केली आहे, चालायला नाही. मी चालत ओढीन असेही एकदा मनात आले. कुत्री मला पाच मिनिटांत गाठतील. गाठू देत.

कलम १०. अस्थी कालव्यात किंवा गोदावरीत, वृंदाच्या सोयीने. मी गेल्यानंतरच्या रविवारी टोळी नेहमीसारखी पळवावी. सुतक म्हणून बंद ठेवू नये. बांधून ठेवलेल्या बीगलाचे रडणे ऐकवत नाही, आणि मला ते निरोपाला नको.

कलम ११. आता ज्यासाठी सगळे वाट पाहत आहेत ते. टोळीची विल्हेवाट या मृत्युपत्रात नाही. मेलेल्या माणसाच्या इच्छेवर जिवंत माणसे चर्चा करतात, आणि चर्चेत कोणीतरी म्हणतो, एक इंजेक्शन. म्हणून मी ते मरणावर ठेवले नाही. क्लबला मी स्वतः फोन करून नको म्हणून सांगितले. ती खरेच चांगली माणसे निघाली, रागावली नाहीत. काल, शनिवारी, अपूर्वा आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि कुत्र्यांच्या कातडीखालच्या ओळख-चिपांची नोंद माझ्या नावावरून तिच्या नावावर केली. योपचे शिंगही तिला दिले. फॉर्म एकेका कुत्र्याचा वेगळा भरायचा असतो, जोडीचा फॉर्म सरकारकडे नाही. तिने विचारले, पहिलं कोण? ती मराठीत विचारते तेव्हा मी सावध होतो. मी टेबलाखाली बोट दाखवले. अर्ध्याची नोंद आधी केली, मग बाकीच्या तीन जोड्यांची.

ठिकाण: ब्रेडाजवळ, कालव्याकाठी
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) नीळकंठ दौलत देवरे

साक्षीदार:
१. नीलांबरी खैरनार (सही)
२. तोन, शेजारचा शेतकरी. मराठी येत नाही, मजकूर अपूर्वाने डचमध्ये वाचून दाखवला. (सही)