लिपीबदल आता फुकट नाई

२ डिसें., कामरगाव
ठरलं. १५ पासून 'लिपीबदल'ले पैसे. जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमधी करणारा माहा कोड चार वर्षं प्रोग्रामर लोकायनं फुकट वापरला. कंपन्यायनं आपल्या सॉफ्टवेअरमधी बसवला, वरून मलेच मेल: "अर्जंट आहे, दुरुस्त करा." अर्जंट तुमचं अन् घाम माहा! बस झालं.
पुण्याच्या नोकरीले महिनाअखेर हो-नाई सांगा लागते. हे जमलं त गाव सोडायचं काम नाई. जमते. न जमायले काय झालं?

५ डिसें.
सासूबाईले सांगतलं. म्हणे, "नव्या पिकाचा वानोळा एकखेप देतेत, बाई. रोजच देल्ला त लोकं वावराच्या धुऱ्यावर येऊन सोताच शेंगा तोडतेत." मले हे समजायले चार वर्षं लागले.

१५
सुरू. भावाच्या रकान्यात आकडा टाकायले हात धजेना. आपल्या माणसाले तोंडानं भाव सांगतेत का? ल्हेलं, "तुमच्या मनानं द्या."

१७
देल्ले ना मनानं! एक कंपनी, दोनशे माणूस कामाले, अकरा रुपये. आहेर केला मले! बाकीच्यायचा एक-एक रुपया. चिडण्यात भाजी लागली. सासूबाई: "कापूस जिनिंगवर नेला त म्हणतो का आपण, तुमच्या मनानं द्या?"
खरंच, अक्कल गहाण ठेवली होती मी.

१८
आकडा टाकला. कंपनीले वर्षाचे सहा हजार. शिकणाऱ्यायले फुकट. सलीमभाईलेही फुकट, तसं कळवलं. मंगरूळपीरचे सलीमभाई छापखान्यायसाठी सॉफ्टवेअर बनवतेत. लिपीबदल पयल्यांदा त्यायनंच वापरलं.

२२
अकरा रुपयेवाले म्हणतेत, जुनं फुकटचंच चालवू. चालवा. एखादा दुसरा जुना फॉन्ट समोर आला की याल इकडेच.
भरणारे चार. सलीमभाईचा जवाब नाई. काहून? तेच टोचून राह्यलं.

२९
आला फोन. तडकलेले. "मले फुकट कायले? मी काय खैरातवाला हाय?"
"तसं नाई भाई, तुमी आपले..."
"आपला हाय म्हणूनच भरले, पूरे सहा हजार. चार साल शरमेनं हळू बोललो तुह्याशी. आता हक्कानं बोलतो. जोडाक्षर तुटून राह्यलं, संध्याकाळपर्यंत पाह्यजे."
हळू बोलले म्हणे! हासली मी. फोन ठेवल्यावर रडलीही. संध्याकाळच्या आत करून देल्लं.

३१
भरणारे सात. नोकरीच्या पगारापुढं पासंगाले पुरत नाई. तरी पुण्याले 'नाई' ल्हेलं, पाठवलंही. सासूबाईले सांगाचं राह्यलं.
सकाळपासून तीन फोन. तिघंही पैसे भरलेले, तिघंही ओरडले. पयले मनात आलं त ध्यान द्याची, नाई त नाई. आता ती मोकळीक गेली. पण चांगलं वाटून राह्यलं, खोटं कायले ल्हू?
चौथा वाजून राह्यला. उचला लागते.