उलट्या भिंगातला पाचवा टाक

२४ ऑगस्ट, रविवार

देवघरातल्या झिजलेल्या टाकांपैकी चार देविदास सोनारानं ओळखले आणि पाचवा हातात फिरवत बसला. खंडोबा, भवानी, रेणुका, भैरोबा — एवढे कळतात. पाचव्या पत्र्यावर नुसता उंचवटा राहिलाय. "वैनी, हा देव कोणता? सांगाल तसा नवा ठोकतो, जुनी चांदी त्यातच आटवतो."

घरी आत्याबाईंना विचारलं. सासूला माहीत नसेल तर सुनेनं कुठं जावं? म्हणाल्या, "देवीच असंल. दुसरी भवानी कर म्हणावं." आणि गवार निवडायला लागल्या.

सोनाराला सहा तारखेपर्यंत सांगायचंय. नंतर पितरपाट, पितरांचा पंधरवडा, त्यात चांदी करत नाहीत, आणि घटाला तर नवे देव पाहिजेत. पण चुकीचा केला तर? खरा देव आटून जायचा आणि आपण भलत्यालाच नैवेद्य दाखवत बसायचं. जीव धजत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

टाक घेऊन ह्यांच्या फोटोच्या दुकानात गेले. म्हटलं, फोटो काढून मोठा करा, काही तरी दिसेल. जवळ नेला की सगळं धूसर. हे म्हणाले, "हा कॅमेरा वऱ्हाड टिपणारा हाय, मुंगी न्हाई." जवळचं टिपणारं नवं भिंग मिळतं म्हणे. किंमत ऐकली आणि लांबूनच नमस्कार केला.

इस्माईलचाचा बाकड्यावर होते. रोलच्या काळात हे दुकान त्यांचंच. कपाटातला बंद कॅमेरा त्यांनी काढायला लावला, त्याचं भिंग फिरवून सोडवलं, माझ्या तळहातावर ठेवलं. केवढं जड! "उलटं लावा बेटा. सीधं दूरचं पाहतं, उलटं जवळचं." हे हसले. मी नाही हसले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

लोणच्याच्या बरणीचं झाकण मधोमध कापलं, त्यात भिंग उलटं बसवलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं ह्यांच्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी घट्ट आवळलं. खर्च शून्य. आत धूळ गेली तर लग्नसराईत काय करू, म्हणून हे दोनदा बजावून गेले. जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळूनच वापरते.

साखरेचा दाणा काचेच्या विटेसारखा! सोयाबीनच्या शेंगेवर वासराच्या कानासारखी लव. जन्म गेला शेंगा तोडण्यात, कधी पाहिली नव्हती.

भिंग इथं काही आपोआप जुळवत नाही. आपणच तांदळाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं व्हायचं. श्वास हलला की चित्र गेलं. मी 'राम' म्हणते आणि श्वास धरून बटण दाबते. भिंगावर आकड्यांचं कडं आहे. चाचा म्हणाले, आकडा वाढवला की अंधार होतो, पण पुढचं-मागचं सारखंच स्पष्ट दिसतं. खरंच की!

३० ऑगस्ट, शनिवार

आंघोळ करून देवघरापुढं बसले. कॅमेऱ्याचा पट्टा चामड्याचा, तो आधी काढून बाहेर खुंटीला लावला. टाक चिंच आणि राखेनं लखलखीत घासला, फोटो चांगला यावा म्हणून. आली नुसती चकाकी! त्यात भिंगातली बुरशी, सगळ्यावर धुकं.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. भिंगाला हात नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

भिंग दोन दिवस उन्हात ठेवलं. बुरशी गेली नाही, पण चाचा म्हणतात मेली असेल, आता वाढणार नाही.

फोटो मोठा करून पाहिला तर टाकावर बारीक रेघोट्याच रेघोट्या. राखेच्या! लग्न होऊन सव्वीस वर्षं दर सणाला मी हा घासते. तोंड कुणी पुसलं? मीच की. तेही भक्तीनं!

आता घासणं बंद. उलट करून बघायचं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

चिमूटभर बुक्का टाकावर चोळला आणि वरवर फुंकला. खळग्यात काळं राहिलं. दार लोटून फटीतलं ऊन आडवं घेतलं, आकडा मोठा केला, राम.

बाई आहे. दोनच हात. सिंह नाही, शस्त्र नाही. डोक्यावर पदर, कपाळावर ठिपका. ही देवी कशी?

वरच्या काठाला दोन टोकं निघालेली. तिथं कडी होती. देवघरातल्या टाकाला कडी काहून असेल? झिजून तुटली म्हणावं तर टोकं सपाट, पक्कडीनं कापल्यासारखी. दहा फोटो काढले, दहाहीत तेच.

६ सप्टेंबर, शनिवार

सोनाराकडं जायच्या आधी आत्याबाईंना फोटो दाखवला. त्यांनी बोट लावलं, पडद्यावरच्या कपाळाला.

"सवत हाय माझी. चांगुणा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मामंजींचं पहिलं लग्न झालेलं, ती तिकडं डोंगरकडा गावी वारली. दुसरेपणाची म्हणून आत्याबाईंच्या गळ्यात तिचा टाक घातला, रीतीप्रमाणं. वर्षभरात मामंजी बिऱ्हाड घेऊन इकडं जवळा बाजारला आले, तिकडचं येणंजाणं तोडलं. सोमेश्वर, म्हणजे हे, बोलायला लागले, गळ्यात काय म्हणून रोज विचारायचे. "मग कडी मीच कापली अन् देवात ठेवली. आता म्हटलं आटून जाऊ दे, माझ्या मागं कुणाला तकलीफ नको."

मी विचारलं, आता आटवायचा का? मानेनंच नाही म्हणाल्या.

सोनाराला चारच टाक दिले. पाचवा कोणाचा निघाला विचारत होता. म्हटलं, घरातलाच. ह्यांना अजून काही सांगितलं नाही, आत्याबाईंनी शपथ घातलीय.

११ सप्टेंबर, गुरुवार

इस्माईलचाचांना भिंग परत द्यायला गेले. घेतलं नाही. "ज्याला दिसतं त्याचं." आज मुंगीचा डोळा टिपला.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा हा दिवस. दरसाल आत्याबाई एक सवाष्ण जेवू घालतात. कुणासाठी विचारलं की म्हणायच्या, रीत हाय. आज पाटावर तो टाक ठेवला, न घासता, बुक्क्यासकट. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतला नाही, ह्यांना दुकानातून बोलावून आणायला सांगितलं.

"पाणी त्यानं सोडायचं. माय हाय ती त्याची."